करड्या थरातली पिल्लं

शिंपलीताई आमच्या प्रयोगशाळेत आली ती फरशी पुसायला. तेव्हा तिला शिंपलीताई म्हणत नसत, काहीच म्हणत नसत. "अहो बाई, इथे पाणी सांडलंय" एवढ्यावर भागायचं. मी तिथला टंकलेखक. माझं टेबल आमच्या प्रमुखांच्या, म्हणजे मॅडमच्या खोलीच्या दाराशी होतं, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोणाचा फोन आला, सगळं माझ्या नाकासमोरून जायचं.

आमची प्रयोगशाळा चिखलाची. शहराबाहेरच्या मोठ्या तळ्यात लांब नळी खोल रुतवायची, तळाचा गाळ अखंड वर काढायचा आणि त्याचे थर वाचायचे. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. गाळ चाळणीतून धुतला की मोहरीहून बारीक शंखशिंपले मागे राहतात. ते वाळवायचे, मायक्रोस्कोपखाली घ्यायचे आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलून खणांच्या तबकात ठेवायचे. गोड्या पाण्यातले एकीकडे, खाऱ्या पाण्यातले दुसरीकडे. शिकलेली मुलं या कामाला आठवडाभरात कंटाळायची. मान धरायची, डोळे चुरचुरायचे, आणि हाती काय, तर चिमूटभर शिंपले.

एक दिवस असाच एक मुलगा तबक तसंच टाकून चहाला गेला होता. ही फरशी पुसता पुसता थांबली, मायक्रोस्कोपमध्ये डोकावली आणि मॅडमना म्हणाली, "यातला एक चुकून इकडे आलाय. याचा पीळ उलटा आहे." मॅडमनी बघितलं. खरंच होता. महिन्याभरात फरशीचं फडकं दुसऱ्या बाईच्या हातात गेलं आणि हिच्या हातात ब्रश आला. त्यानंतर बावीस वर्षं ती त्या स्टुलावरून हलली नाही. तिला शिंपलीताई हे नाव कोणी दिलं आठवत नाही, पण मॅडमसुद्धा तेच म्हणायच्या.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण. लग्न दोघींचंही झालं नव्हतं. ते का, हे मी कधी विचारलं नाही. धाकटी जन्मापासून बहिरी. सकाळी एका लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची, दुपारी घरी येऊन जेवून झोपायची. कधी कधी ती बहिणीचा डबा द्यायला यायची, तेव्हा प्रयोगशाळेत करमणूक व्हायची. प्रत्येकासाठी तिची एक खूण होती. मॅडम म्हणजे नाकावर घसरलेला चष्मा. मी म्हणजे दोन बोटांनी हवेत टकटक आणि मग मागे रेलून जांभई. ती जांभई माझ्यावर अन्याय करणारी होती, पण सगळे हसायचे, मीही हसायचो. त्यांचा मोठा भाऊ म्हणजे मनगटावर कान. तो घड्याळं दुरुस्त करायचा. पुलापलीकडे टेकडीच्या चढावर त्याचं दुकान आणि दुकानामागे घर. दोघी बहिणी राहायच्या खालच्या वस्तीत, नदीच्या बांधापासून चार गल्ल्या आत. प्रयोगशाळेपासून पायी वीस मिनिटं.

मॅडमनी सगळं आयुष्य एका गोष्टीच्या मागे घातलं होतं. फार पूर्वी सगळं बुडवणारा एक महापूर आला होता, ही गोष्ट. जगभरात ती कुठे कुठे कशी सांगतात याची यादी मीच टाइप केली, त्रेचाळीस गोष्टी. कुठे मासा येऊन सांगतो, कुठे देव स्वप्नात येतो, कुठे भिंतीआडून आवाज येतो. पुढचं सगळं तेच. एका भल्या माणसाला आधी कळतं, तो नाव बांधतो, घरचे घेतो, जनावरं घेतो, बियाणं घेतो, आणि बाकीचे बुडतात. बाकीच्यांबद्दल कुठल्याही गोष्टीत दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नव्हता. टाइप करणाऱ्याच्या हे लक्षात येतं.

मॅडमचं म्हणणं असं की ही गोष्ट हवेतून आलेली नाही. तळ्याच्या गाळात खाली काळा थर, त्यात गोड्या पाण्याचे शंख. वर फिकट थर, त्यात समुद्रातले शिंपले. आणि दोन्हींच्या मधे अंगठ्याएवढा जाड करडा थर. एके काळी इथे गोड्या पाण्याचं तळं होतं, काठाला माणसं राहत होती, मग समुद्राने मधला उंचवटा फोडला आणि एका हंगामात सगळं खोरं भरलं. तो करडा थर म्हणजे ते वर्ष. जे वाचले त्यांनी गोष्ट सांगितली. मॅडम बोलायला लागल्या की ऐकत राहावंसं वाटायचं. शिंपलीताई ब्रश खाली न ठेवता ऐकायची.

मग आमच्याकडे पूर आला. पुराणातला नव्हे, आमचा.

तीन दिवस वरच्या डोंगरात पाऊस कोसळत होता. चौथ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. खालच्या वस्तीने घरं सोडावीत असं गाडीतून कर्ण्यावर सांगत फिरू लागले. मॅडम म्हणाल्या, आधी नमुन्यांच्या पेट्या वरच्या मजल्यावर न्या. सहाशेच्या वर पेट्या होत्या, वीस वर्षांचं काम. आम्ही पाच जण जिन्यावर वरखाली करू लागलो. शिंपलीताई एकदा दारापर्यंत गेली, बाहेर बघितलं आणि परत आली. मला म्हणाली, "धाकटी झोपली असेल. तिला भोंगा कळणार नाही." मी म्हणालो, "मग जा तुम्ही." ती म्हणाली, "एवढ्या दहा नेते आणि जाते."

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. तिच्या दादाचा होता. तिकडेही भोंगा, माणसांचा गलका. "तिला सांगा, धाकटीला..." एवढं ऐकू आलं आणि फोन बंद पडला. मी परत लावला, लागला नाही. माझ्या खांद्यावर पेटी होती. जिन्यावर ती समोरून उतरत होती. "कोणाचा?" तिने विचारलं.

"दादांचा. धाकटीकडे जातायत."

असं मी का म्हणालो? मला तसं वाटलं म्हणून. घाईत होतो म्हणून. तिला धीर यावा म्हणूनही असेल. तिने "बरं" म्हटलं, सुस्कारा सोडला आणि पुढची पेटी उचलली. आम्ही सगळ्या पेट्या वर नेल्या. एकही भिजली नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा धाकटी घरातच सापडली. दाराला आतून कडी होती. ती झोपेत गेली की उठून धडपडली, हे कळायला मार्ग नव्हता. वस्तीतली एकूण एकशे बारा माणसं गेली.

वर्तमानपत्रात पहिल्या दिवशी छापून आलं की बांध फुटल्यावर अवघ्या चाळीस मिनिटांत वस्ती पाण्याखाली गेली. शिंपलीताईने तो आकडा धरून ठेवला. कोणी भेटायला आलं की सांगायची, "चाळीस मिनिटं. वीस मिनिटं जायला, तिला उठवायचं, समजावायचं, वीस मिनिटं यायला. दोघीही गेलो असतो." दरवेळी त्याच शब्दांत सांगायची. तिचा दादाही मान हलवायचा. दोघांनी एकमेकांना त्या दुपारबद्दल काही विचारलं नाही. भावाला वाटत होतं बहिणीला विचारलं तर तिला लागेल, बहिणीला वाटत होतं भावाला लागेल. निदान मला तसं वाटलं. आणि मी त्या दोघांच्या मधे, माझा अर्धा फोन पोटात घेऊन.

भाऊ मात्र बदलला. आधी सगळ्यांसारखा अधूनमधून प्रार्थनेला जाणारा माणूस, तो आता रोज जाऊ लागला, मग तिथे बोलू लागला. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गेलेलं, लोकांना ऐकायचंच होतं. त्याचा आवाज चांगला होता. त्या जुन्या महापुराची गोष्ट तो अशी सांगायचा की पुढे बसलेल्यांच्या पायाखाली पाणी यायचं. त्याला कोणीतरी सांगितलं की बहिणीच्या प्रयोगशाळेत त्या पुराचा पुरावा आहे. तो बघायला आला.

मॅडमनी नळीतला गाळ काढून दाखवला. काळा, करडा, फिकट. तो वाकून बराच वेळ बघत राहिला, घड्याळात बघतात तसा एक डोळा बारीक करून.

"म्हणजे घडलं होतं," तो म्हणाला.

"समुद्र आत आला होता," मॅडम म्हणाल्या. "कोणी पाठवला ते या गाळात लिहिलेलं नाही."

"तुमच्या गाळात नसेल. ग्रंथात आहे."

मॅडम हसल्या. दोघांचं छान जमलं. दोघांनाही पूर हवा होता, एकदम आलेला, मोठा. एकीला समुद्राचा, दुसऱ्याला देवाचा. शिंपलीताई स्टुलावर बसून दोघांकडे बघत होती.

पुढच्या रविवारी ती भावाचं बोलणं ऐकायला गेली. त्याने करड्या थराचं सांगितलं, मग म्हणाला, "हाक सगळ्यांना आली होती. ज्यांनी ऐकली ते तरले." ती मधेच उठून बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली. सगळे गेल्यावर भाऊ आला तेव्हा तिने विचारलं, "दादा, धाकटीने कशी ऐकायची?"

तो म्हणाला, "तिची हाक वेगळी होती. तिला वर बोलावणं होतं."

"आणि ते बाकीचे एकशे अकरा?"

"तू दमली आहेस. चल, वहिनीने जेवण ठेवलंय."

हे तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "त्याला काहीतरी धरायला हवंच ना. माझ्याकडे निदान चाळीस मिनिटं आहेत."

पुरानंतर दोन वर्षांनी नवे डॉक्टर आले. वयाने तिशीचे, स्वभावाने मोकळे, मॅडमना मान देणारे. त्यांनी म्हटलं, करडा थर आपण एकगठ्ठा धुतो, तसं नको. नखाएवढ्या जाडीचे काप करू आणि प्रत्येक काप वेगळा बघू. काम शिंपलीताईकडे आलं. सात महिने लागले. चौथ्या की पाचव्या महिन्यात एका सकाळी तिने मला हाक मारली. इतक्या वर्षांत कामासाठी मला कधी बोलावलं नव्हतं.

"या. बघा यात."

मला नुसते दाणे दिसले. "काय आहे?"

"पिल्लं आहेत," ती म्हणाली. "हा शंख मचूळ पाण्यातला. ना गोड्यातला, ना खाऱ्यातला. शेजारी त्याचं पिल्लू. खालच्या कापात म्हातारा आहे, वरच्या कापात परत पिल्लं. इथेच जन्मली, इथेच वाढली, इथेच मेली. समुद्र एकदम घुसला असता तर यांनी संसार कधी मांडला?"

तिने नवीन डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघितलं, काप मोजले, कागदावर आकडे मांडले. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मॅडमही आल्या.

"दोनशे, कदाचित तीनशे वर्षं," डॉक्टर म्हणाले. "पाणी दर पिढीला थोडं थोडं पुढे सरकलं. लोकांनी घरं मागे घेतली असतील. आजोबांचं घर होतं तिथे आता पाणी आहे, एवढंच नातवाला माहीत. पुढे कोणीतरी ती तीनशे वर्षं चाळीस दिवसांच्या पावसात बसवली. गोष्ट सांगायची तर तसं करावंच लागतं."

मॅडम खुर्चीत बसल्या. "हळूहळू आलेल्या पाण्याची गोष्ट कोणी हजारो वर्षं सांगत नाही," त्या म्हणाल्या. "काहीतरी अचानक झालंच असणार." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्या परत मायक्रोस्कोपशी गेल्या नाहीत. शिंपलीताईने वेचलेलं चुकीचं नसतं हे त्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं.

"म्हणजे वेळ होता," शिंपलीताई म्हणाली.

"भरपूर," डॉक्टर हसत म्हणाले. त्यांना काय माहीत.

त्याच सुमाराला पुराच्या चौकशीसाठी नेमलेली समिती आमच्याकडे भिंतींवरच्या गाळाच्या खुणा समजून घ्यायला येत होती. त्यांचा टंकलेखक रजेवर होता, म्हणून अहवालाची काही पानं मी टाइप केली. एका पानावर ओळ होती: पहिल्या भोंग्यापासून वस्ती पाण्याखाली जाईपर्यंत दोन तास चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं बांध फुटल्यानंतरची, आणि बांध फुटला तो भोंग्यानंतर दोन तासांनी. त्या पानाची प्रत मी खणात ठेवली आणि अकरा दिवस खण उघडला नाही.

बाराव्या दिवशी ती स्वतः टेबलाशी आली. "समितीचं टाइप केलंत ना? त्यात वेळ दिलीय?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललो होतो. मी पान काढून दिलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं, घडी केली, आणि म्हणाली, "माझ्याबरोबर दादाकडे येता? मला एकटीला बोलता येणार नाही."

आम्ही दुपारच्या सुट्टीत गेलो. पूल ओलांडला, चढ चढलो. भाऊ दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला होता. वहिनीने पाणी आणून दिलं आणि आमचे चेहरे बघून आत गेली. शिंपलीताईने कागद काउंटरवर ठेवला. त्याने डोळ्याची काच काढली, वाचलं, आणि परत काच लावली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी इथून, दारातून बघत होतो. पाणी बांधाला लागलं ते बघितलं, बांध फुटला तो बघितला. खूप वेळ होता. मला वाटलं तू तिला घेऊन गेली असशील."

"मला वाटलं तू."

"पुलावर गर्दी होती, इकडून कोणाला सोडत नव्हते. म्हणून तर फोन केला. तू जा म्हणून निरोप दिला."

तिने माझ्याकडे बघितलं. त्यानेही बघितलं.

"फोन मधेच बंद पडला," मी म्हणालो. "मला 'धाकटीला' एवढंच ऐकू आलं."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, दादा जातायत."

"हो."

कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी दहा पेट्यांनंतर जाणार होते. हे म्हणाले म्हणून गेले नाही. पण हे नसते म्हणाले तरी मी दहाच्या वीस केल्या असत्या. मी स्वतःला ओळखते." मग भावाला म्हणाली, "आणि तू पुन्हा फोन का केला नाहीस?"

त्याने घड्याळाचा एक स्क्रू उचलला, ठेवला. "लागला नाही, एकदा. मग मी गच्चीवर सामान चढवत होतो. दुकानातली घड्याळं, लोकांची." त्याने स्क्रू परत उचलला. "इथवर पाणी येणारच नव्हतं. तरी चढवत होतो."

आम्ही परत आलो. वाटेत मी माफी मागावी म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. प्रयोगशाळेच्या फाटकाशी ती म्हणाली, "तुम्ही हे अडीच वर्षं ठेवलंत." मी मान हलवली. ती आत जाऊन स्टुलावर बसली आणि संध्याकाळपर्यंत वेचत राहिली.

त्या रविवारी भाऊ प्रार्थनाघरात उभा राहिला, गोष्ट सुरू केली, नाव बांधण्यापर्यंत आला आणि थांबला. लोक वाट बघत राहिले. तो खाली उतरून घरी गेला आणि पुन्हा तिथे गेला नाही. आता तिथे दुसरा माणूस बोलतो. गोष्ट तीच सांगतो, लोक तेवढेच येतात. भाऊ दुकानात बसतो, पण कामात त्याचं लक्ष लागत नाही असं गिऱ्हाइकं म्हणतात. घड्याळं चार दिवस चालून बंद पडतात.

मॅडम वर्षभरात निवृत्त झाल्या आणि मुलीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी आपल्या खोलीतली कागदपत्रं तशीच सोडली, त्यात त्या त्रेचाळीस गोष्टींची यादीही होती. नवीन डॉक्टरांचा लेख बाहेर गाजला. त्यांनी शेवटी आभार मानले आहेत, "कुशल सहायिका" म्हणून. नाव द्यायचं राहून गेलं, असं ते मला मनापासून वाईट वाटून म्हणाले. मी म्हणालो, सांगतो तिला. सांगितलं नाही.

तिचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी बारीक शंखांचे पीळ दिसेनात, मग खण चुकायला लागले. डॉक्टरांनी एकदोनदा गुपचूप दुरुस्त केलं, मग तिला बाटल्या धुण्याच्या खोलीत बसवलं. देवाचं नाव ती घेत नव्हती, गाळाबद्दलही विचारत नव्हती. एकदा मी उगाच विषय काढला, की डॉक्टर आता दुसऱ्या तळ्यात नळी घालणार आहेत, तिथे कदाचित मॅडमचा पूर सापडेल. ती बाटली उलटी करत म्हणाली, "सापडला तरी काय. लवकर आला की उशिरा आला, एवढंच ना ते सांगणार."

मागच्या महिन्यात मी कामावरून मोकळा झालो. तिला भेटायला गेलो तर ती सामान बांधत होती. पूरग्रस्तांना घरं मिळाली आहेत. खालच्या वस्तीतच, बांध नवीन बांधून, त्याच चार गल्ल्या. तिला तळमजल्यावरची खोली मिळाली. मी म्हणालो, अर्ज करा, वरचा मजला मागा, तुमचं वय बघून देतील. ओळखीचा एक जण आहे तिथे, मी बोलतो.

"नको," ती म्हणाली. "सही झालीय."

"सही बदलता येते."

तिने पेटीवर दोरीची गाठ मारली, हाताने चाचपून बघितली, सैल वाटली म्हणून सोडली आणि परत मारली. "वर कोणासाठी जाऊ?" असं काहीसं ती म्हणाली. की "वर जाऊन काय करू" म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही, आणि या वेळी मी पुन्हा विचारलं. तिने पेटी एका बाजूने उचलली. मी पेटीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही ती दारापर्यंत आणून ठेवली.